डोकं घासलेलं इंजिन

“वहिनी, डोकं घासून आणलं,” एसटीतून उतरता उतरता मुरली म्हणाला.

मी त्याच्या केसांकडे बघितलं. ते तर धुळीनं पार पिंगट झालेले. घरी पोचल्यावर त्यानं खांद्यावरचं पोतं ओट्यावर आपटलं आणि आतून लोखंडाची लांबोडी लादी काढली. आमच्या यारीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण. परवाच यानं ते खोलून नेलं होतं आणि नगरच्या कुठल्याशा वर्कशॉपात त्याची खालची बाजू मशीनवर घासून आणली होती.

“किती घासलं?” मी विचारलं.

“नखाएवढं. थोडं जास्तच.”

“एवढ्याशा नखासाठी धंदा बंद ठेवलास होय रे?”

“या नखात पंधरा घोडे आहेत, वहिनी.”

मुरली माझा धाकटा दीर. पुण्याला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता, शिमग्याच्या सुट्टीला आला होता. रीतीनं मी त्याला भाऊजी म्हणायला हवं होतं. पण मी लग्न होऊन आले तेव्हा तो पाटी-दप्तरातला. ज्याचा शेंबूड आपण पुसला त्याला भाऊजी म्हणायला जीभ वळत नाही. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे त्याचं डबा-दप्तर, खरूज-नायटा, रुसणं-फुगणं सगळं माझ्याच गळ्यात. मला त्याचं वाईट कधी वाटलं नाही.

आमचा धंदा यारीचा. विहीर खोदताना खालचे दगड वर काढायला जे यंत्र लावतात ती यारी. पारनेरच्या पठारावर तेव्हा गावोगाव विहिरी चालू होत्या. वर हातभर माती, मग मुरूम, आणि त्याखाली असा काळा खडक की सुरुंगाशिवाय ढिम्म हलायचा नाही. सुरुंगाचं काम आमचे हे करायचे. आणि यारी मी चालवायची. आधी एक ड्रायव्हर ठेवला होता, तो दर आठवड्याला मेहुण्याचं लग्न काढायचा. एके दिवशी मी त्याला म्हटलं, सरक. तेव्हापासून त्या खुर्चीवर मी बसले. लोक बघायला यायचे सुरुवातीला, बाई यारी चालवते म्हणून. बघून बघून कंटाळले आणि गेले.

यारीचं इंजिन एका जुन्या अमेरिकन मोटारीचं होतं. मोटार कुण्या बड्या माणसाची असणार, ह्यांनी ती भंगारातून आणली. टप, दारं, गाद्या सगळं काढून टाकलं. राहिलं ते इंजिन, गिअर आणि मागचा धुरा. मागच्या चाकांच्या जागी तारेचा ड्रम बसवला, समोर लोखंडी खांब उभा करून त्यावरून तार विहिरीत सोडली, तिच्या टोकाला मोठा लोखंडी डबा. मला बसायला पत्र्याची खुर्ची, आणि पायाशी मोटारीचेच क्लच, ब्रेक. क्लच सोडला की ड्रम फिरून डबा वर. क्लच दाबून ब्रेक सैल केला की डबा आपल्या वजनानं खाली. एवढंच काम, पण त्या डब्यात कधी दगड असायचे आणि कधी माणसं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. काम चालू होतं झावरे अण्णांच्या विहिरीवर. अण्णा माणूस बरा, पण बोलायला तिखट. शेजारच्या गावात कुणी नवीकोरी डिझेलची यारी आणली होती, ती ते बघून आले आणि ह्यांना म्हणाले, “गेणूभाऊ, तुमचा डबा वर येईस्तोवर माझा चहा पिऊन व्हतो.” सगळे हसले. हे नाही हसले. रात्री जेवले नाहीत धड. आणि नेमका दुसऱ्या दिवशी मुरली आला.

त्याला इंजिन दिसलं की चेव यायचाच. सगळं बघून झाल्यावर तो म्हणाला, “दादा, हे धूड साडेतीन लिटरच्या वर आहे. आणि घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर किती, तर नव्वदच्या आसपास. आमच्या कॉलेजात एक इंजिन आहे, याच्या निम्म्याएवढं. तेही तेवढेच घोडे काढतं.”

“मंग ह्ये खातंय कशाला येवढं?” हे म्हणाले.

“अमेरिकेतल्या लोकांचं काम, दादा. तिकडे तेव्हा पेट्रोल मुबलक, रस्ते लांबच लांब. ताकद कमी पडली की इंजिन मोठं करायचं, झालं. लहान इंजिनातून पिळून काढायची गरजच नव्हती त्यांना. आता या झडपा बघ. वर नाहीत, बाजूला आहेत. हवेला आत यायला वाकडी वाट, बाहेर जायला वाकडी वाट. जोरात पळवलं की याचा दम कोंडतो. म्हणून हे सावकाशच चालणार. आणि दुसरं म्हणजे आतलं मिश्रण हे दाबतच नाही नीट. जेवढं दाबावं तेवढा जोर मिळतो. यांनी आपलं हलकंच दाबून सोडून दिलंय.”

“का बरं?” मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. रोज त्याच्यापाशी बसणारी मी.

“तेव्हाचं पेट्रोल हलक्या प्रतीचं होतं, वहिनी. जास्त दाबलं तर ते वेळेआधीच भडकायचं आणि इंजिन आतून ठोकायला लागायचं. ठोकायला लागलं की जोर जातो. म्हणून त्यांनी दाब कमी ठेवला. आता पेट्रोल चांगलं मिळतं. मग दाबायला काय हरकत आहे? हेड थोडं घासलं की आतली जागा कमी, दाब जास्त.”

“घोडे कमी असतील त्यात, पण बैल आहेत,” मी म्हटलं. “किती का ओझं असेना, मान खाली घालून ओढतं.”

मुरली हसला. “पुस्तकात त्याला टॉर्क म्हणतात. बैल बरं आहे.”

“घोडं वाढतील का नाय, तेवढं बोल,” हे म्हणाले.

“वाढतील.”

“मंग घास.”

मला ते पटलं नव्हतं. पण चालतं इंजिन उघडू नका, एवढंच मला म्हणता येत होतं, आणि त्यावर दोघंही भाऊ एकदम हसले असते. मी गप्प बसले.

तर असं ते डोकं घासून आलं. मुरलीनं ते बसवलं, येताना नगरहून कॅनभर पेट्रोल आणलं होतं ते भरलं, आणि इंजिनाच्या कडेला जो ठिणगी वाटून देणारा डबीसारखा भाग असतो, डिस्ट्रिब्यूटर, तो हातानं थोडा इकडे थोडा तिकडे फिरवत आवाज ऐकत बसला. मला म्हणाला, “ही डबी फिरवली की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. अजून एकदा बघायचंय, म्हणून बोल्ट हातानंच आवळलाय. धक्का लावू नका.” मग आम्ही दगडांनी भरलेला डबा ओढून बघितला. खरं सांगते, असा सर्रकन वर आला की अण्णांच्या हातातला चहा हातातच राहिला. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भावाच्या पाठीत त्यांनी अशी थाप मारली की तो पुढे गेला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे यारी पेट्रोलवर कुणी चालवत नसे. सकाळी वाटीभर पेट्रोलवर चालू करायची, इंजिन तापलं की इंधनाच्या नळीवरची चकली फिरवून रॉकेलवर टाकायची. मग दिवसभर रॉकेल. पठारावरच्या पेट्रोलच्या सगळ्या याऱ्या अशाच चालायच्या आणि आमचं इंजिन तर रॉकेल मुकाट्यानं प्यायचं. हे इतकं रोजचं होतं की कुणी त्याबद्दल बोलत नसे. आम्ही यारी घेतली तेव्हा मुरली पुण्याला. सुट्टीत आला तरी कामावर क्वचितच यायचा. त्याला हे कुणी सांगितलं नाही. आणि पेट्रोल हलकं असलं की काय होतं हे त्यानं आम्हाला ओट्यावर बसून इतकं समजावलं, तरी रॉकेल हे पेट्रोलापेक्षा किती हलक्या प्रतीचं, हा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली चार भोकं पाडून तयार होती. दारू भरून, माती ठासून, वाती बाहेर काढलेल्या. सकाळी माणसं नुसत्या ब्रेकवर खाली सोडली होती, त्यांना वर घेण्यापुरतं इंजिन आत्ता पेट्रोलवर चालू केलं होतं. हे आणि आमचा एक गडी, दोघं दोन दोन वाती पेटवायचे आणि डब्यात बसून वर यायचे. वात हळू जळणारी. वर येऊन लिंबाच्या आड जाऊन बसलं तरी वेळ उरायचा. त्या दिवशी गड्याच्या घरी सुपारी होती म्हणून तो आला नव्हता.

“मी उतरतो,” मुरली म्हणाला.

“तू कशाला?” मी म्हटलं. “तुझ्या हाताला सवय नाही.”

“काडी ओढायला सवय कशाला लागते, वहिनी?”

“येऊ दे त्याला,” हे म्हणाले. “मी हाये की.”

डब्यात बसायच्या आधी हे नेहमीसारखे इंजिनापाशी आले, हात लावून बघितला, चांगलं तापलं होतं. चकली फिरवून त्यांनी ते रॉकेलवर टाकलं. मुरली तेव्हा डब्याची कडी तपासत होता, त्याची पाठ आमच्याकडे होती.

मी दोघांना खाली सोडलं. अण्णांनी तोंडाशी हात धरून चारी दिशांना ओरडून सांगितलं, “बार हाय हो, बार!” माणसं लिंबाकडे, बांधाकडे पांगली. अण्णाही गेले. यारीवर मी एकटी. उन्हानं पत्र्याची खुर्ची भाजत होती.

खालून ह्यांचा आवाज आला, “पेटवतो गं!”

मग वातीचा वास वर आला. आणि लगेच, “घे वर!”

मी क्लच सोडला. तार ताणली, डबा उचलला गेला, खांब करकरला. डबा चांगला वर येत होता. मी मनात म्हटलंही, बरं झालं घासलं ते. निम्म्यावर आला असेल, आणि इंजिनातून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. मी ॲक्सिलेटर वाढवला, तर खडे जास्तच वाजायला लागले. जोर कुठेच लागत नव्हता. ड्रम रखडला, थरथरला, इंजिन आता विझणार असं झालं. विझलं असतं तर संपलंच होतं सगळं. बॅटरी म्हातारी, हँडल मारायला दुसरं माणूस नाही. मी झटकन क्लच दाबला आणि दुसऱ्या पायानं ब्रेक.

डबा मध्येच लटकला. खाली चार वाती जळत होत्या.

इंजिन खडखडत का होईना, चालू होतं. मी पुन्हा हळूच क्लच सोडून बघितला. वीतभर उचललं असेल, की पुन्हा तेच, ठकठक ठकठक, आणि पुन्हा विझायला लागलं. पुन्हा क्लच दाबला. दोन्ही पाय पेडलांवर असे दाबून धरले होते की काढीन म्हटलं तरी निघाले नसते. क्लचवरचा पाय निघाला तर इंजिन विझणार, ब्रेकवरचा निघाला तर डबा खाली जाणार.

“काय झालं गं?” हे खालून ओरडले.

“ओढत नाही!” मी ओरडले. “ठोकतंय!”

खाली काही बोलाचाली झाली. विहिरीत आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. मग ह्यांचा आवाज स्पष्ट आला, अगदी शांत. “सगुणा, खाली सोड.”

मला वाटलं, हे वाती उपटायला निघाले. एकदा एका वातीवर ठिणगी नको तेव्हा पडली होती, तेव्हा ह्यांनी ती अशीच हातानं ओढून काढली होती. पण तेव्हा ती एक होती.

“खाली सोड म्हणतो ना!”

आणि त्याच वेळी मुरलीचा आवाज. “वहिनी, सोडू नका! रॉकेलवर आहे का? रॉकेलवर आहे का ते?”

“हो!” मी म्हटलं. “रॉकेलच की!”

मग मुरली जिवाच्या आकांतानं ओरडला, “पेट्रोलवर घ्या!”

पेट्रोल कुठलं? चालू करायला भरलेली वाटीभर धार इंजिन तापेपर्यंतच संपली होती आणि त्याचा कॅन कालच डबा ओढून बघण्यात संपला होता. “नाही पेट्रोल!” मी ओरडले.

“मग डबी! डबी फिरवा! ठिणगी उशिरा!”

“सगुणा, खाली सोड आधी!” हे.

“डबी फिरवा, वहिनी!”

एकाच डब्यातून दोन भाऊ दोन गोष्टी सांगत होते. आणि एक माझा नवरा, सुरुंगातला जाणता, ज्याच्या शब्दावर सगळी विहीर चालायची. दुसरा म्हणजे ज्यानं हे सगळं करून ठेवलं तोच. त्या क्षणी मला त्याचा इतका संताप आला होता की हाताशी असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. ब्रेक नुसता सैल करायचा होता. तेवढं माझ्या पायाच्या अंगठ्यानं झालं असतं. नवऱ्याचं ऐकलं म्हणून मला कुणी बोल लावला नसता.

नाही सोडलं मी. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मला एवढंच कळत होतं की वर आणायचंय, तर खाली कशाला पाठवायचं.

डबी इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला. मध्ये पत्रा नव्हता, सगळं उघडंच, पण बसून हात पुरत नव्हता. मी दोन्ही पेडलांवर उभी राहिले, सगळं वजन पायांवर दिलं आणि इंजिनावर आडवी झाले. पदर आधीच खोचलेला होता ते नशीब. उजवा हात पुढे केला तर दंडाची खालची बाजू धुराच्या नळीवर टेकली. चर्र झालं. हात काढून घेतला असता तर पुन्हा टेकवायची हिंमत झाली नसती, म्हणून काढलाच नाही. डबी हाताला लागली. मी ती फिरवली.

खडखड दुपटीनं वाढली. इंजिन गचके खायला लागलं.

“उलटी! उलटी!” मुरलीला खालून आवाजावरून कळलं. “दुसरीकडे!”

मी दुसरीकडे फिरवली. थोडी. अजून थोडी. आणि ते खडे एकेक करून कमी होत गेले. आवाज जड झाला, घोगरा झाला, म्हाताऱ्या माणसासारखा. पंधरा घोडे गेले असतील, वरचे आणखी दहा गेले असतील, पण ठोकणं थांबलं. मी आडवी तशीच राहून डबी धरून ठेवली, कारण बोल्ट सैल होता, सोडली असती तर पुन्हा हलली असती. आणि त्याच अवस्थेत ब्रेक सैल करत क्लच सोडायला लागले. इतका हळू की माझी पोटरी थरथरायला लागली.

इंजिन दबलं. आता विझतं की काय, असं झालं. एकेक ठोका वेगळा ऐकू यायला लागला. पण प्रत्येक ठोक्याला ड्रम थोडा फिरत होता. ओढ म्हणून मी त्याला म्हणत होते. मोठ्यानं म्हणत होते, आपल्या बैलाला म्हणावं तसं. ओढ रे माझ्या राजा, ओढ. ॲक्सिलेटरला पाय मोकळा नव्हताच. ते आपल्या आपण, जेवढं जमतं तेवढं ओढत राहिलं. तार करकर करत येत होती. मला विहिरीचं तोंड दिसत नव्हतं, नुसता ड्रम दिसत होता आणि त्याच्यावर चढणारे तारेचे वेढे.

मग मान वर केली तर ह्यांचे हात विहिरीच्या कडेला दिसले. मी ब्रेक दाबला. मुरलीला ह्यांनी धक्का मारून आधी बाहेर टाकला, मागून स्वतः आले, मला दंडाला धरून यारीवरून ओढलं, आणि आम्ही तिघं लिंबाकडे पळालो. पोचलो नाही. मधेच बार झाला. ह्यांनी आम्हा दोघांना खाली दाबलं. पाठोपाठ दुसरा, तिसरा, चौथा. दगड पडत राहिले, आमच्या आजूबाजूला, यारीच्या पत्र्यावर, लांब बांधावर. एक ह्यांच्या पाठीला लागला, पण लहानसा.

धूळ खाली बसली तेव्हा अण्णा धावत आले. बाकीचे आले. हे उठून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडले.

“खाली सोड म्हनून वरडत व्हतो मी! भैरी हाय का तू?”

“ऐकू आलं,” मी म्हटलं.

“मंग?”

“नाही सोडलं.”

ते बघत राहिले माझ्याकडे. कानशिलं लाल झाली होती त्यांची. मग वळले आणि बांधापलीकडे जाऊन पाठ करून बसले. मला वाटलं, बाईनं ऐकलं नाही याचा राग. म्हटलं बसू दे. मी वाचवलं आणि वर मलाच बोल. अण्णांच्या मंडळींनी माझ्या दंडाला लावायला तुपाची वाटी आणली, मी ती घेऊन यारीपाशी गेले.

मुरली तिथे उभा होता. इंजिन बंद करायला गेला असावा, पण बंद करून तसाच हात ठेवून उभा होता. चेहरा पांढराफटक.

“वहिनी, हेडखाली गॅस्केट दोन घालतो,” तो म्हणाला. “जाड घालतो. दाब पहिल्यासारखा करतो. आजच करतो.”

“कर.”

“मला माहीत नव्हतं रॉकेलचं.”

“आता माहीत झालं ना? गप बस.”

तो गप्प बसला नाही. “दादा तुमच्यावर उगाच ओरडला.”

“मग काय झालं? वाती उपटायला जायचं होतं त्यांना. त्यांना वाटलं, उपटू.”

मुरलीनं मान हलवली. “वाती कधीच भोकात शिरल्या होत्या. आम्ही डब्यातून बघत होतो. धूर नुसता भोकांतून येत होता. उपटायला काही उरलंच नव्हतं.”

“मग खाली कशाला जायचं होतं?”

तो माझ्याकडे बघेना. इंजिनाकडे बघत म्हणाला, “दोघांचं वजन ओढत नाही, एकाचं ओढेल, दादा म्हणाला. खाली टेकलं की मी उतरतो, तू डब्यात बस, म्हणाला. मी त्याचा करदोडा धरून ठेवला होता, वहिनी. दोन्ही हातांनी. डबा खाली टेकला असता तर त्यानं तो तोडला असता.”

माझ्या हातातली वाटी खाली पडली ते मला नंतर कुणीतरी सांगितलं.

मी बांधापलीकडे गेले. हे ढेकळावर बसले होते, हातात काडी घेऊन माती उकरत होते. मला बघून काडी थांबली.

“मुरलीनं सांगितलं,” मी म्हटलं.

ते पुन्हा माती उकरायला लागले.

“मला न विचारता ठरवलंत तुम्ही. आणि ते माझ्या पायानं करायचं? तुम्हाला खाली सोडायला माझाच पाय सापडला? मी तो ब्रेक सैल केला असता आणि मग? मग जन्मभर त्या पायाचं काय करायचं होतं मी? सांगा ना. काय करायचं होतं?”

माझा आवाज चढला होता.

“ल्हान हाय त्यो,” ते म्हणाले. “आपणच वाढवला.”

“मला ठाऊक आहे कुणी वाढवला ते.”

माझा राग कमी होत नव्हता, उलट वाढत होता.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “वर दुसरं कुनी असतं, तर म्या म्हनलोच नसतो.”

“का?”

“त्यानं सोडलं असतं. तू नाय.”

खरं बोलत होते की मला गप्प करायला बोलत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनाही ते कळत होतं की नाही, कोण जाणे. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले आणि मोठमोठ्यानं रडले. अण्णा आणि सगळी माणसं बघत होती. बघू देत, म्हटलं.